दवाखान्याकडे निघालेला पाइप

एका जंगलात एक सिंह होता. दचकू नका बाळांनो, प्रत्येक जंगलात एखादा असतोच.

डॉक्टर मात्र या जंगलात नव्हता. डॉक्टर म्हणजे एक हत्ती. तो दोन डोंगर पलीकडे राहायचा आणि पेशंटला पडद्यावर बघायचा. त्यासाठी नेट लागायचं, आणि नेट होतं फक्त सिंहाच्या गुहेत. दवाखाना मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, गुहेपासून साठ पावलांवर. तिथे खाट होती, पडदा होता, कंपाउंडर म्हणून एक वानर होता. नेट नव्हतं.

मग आजारी प्राण्याने तपासून घ्यायला कुठे जायचं? बरोबर ओळखलंत. गुहेत.

ससे जायचे, सांबरं जायची. काही परत यायची. जी येत नसत, त्यांच्या नावापुढे वहीत लिहिलेलं असायचं, 'उपचार पूर्ण'.

एकदा शेवंता हरिणीचं पाडस खोकायला लागलं. खोकून खोकून त्याचे डोळे पांढरे व्हायचे. शेवंता थेट दरबारात उभी राहिली.

"महाराज, गुहेतली वायर दवाखान्यापर्यंत आणा. माझं पोर मी गुहेत आणणार नाही."

सगळ्यांसमोर म्हणाली हं! बाईची छाती बघा.

सिंहाने कोल्ह्याकडे पाहिलं. कोल्हा जंगलाचा मुख्य अभियंता होता. त्याने जन्मात एक खड्डा खणला नव्हता, म्हणून तर मुख्य होता.

"नाही म्हणू नका महाराज," कोल्हा कानात कुजबुजला. "नाही म्हटलं की ओरड होते. काम सुरू करू या."

लगेच नारळ फुटला. खणायला सगुणाबाई घुशीला बोलावलं. तिचा सगळा जन्म मातीत गेलेला.

"साहेब, सरळ रेषेत खणते," ती म्हणाली. "दुपारपर्यंत पाइप, संध्याकाळपर्यंत वायर."

"सरळ? आणि मोठ्या मंडळींना विचारायचं नाही?"

विचारलं. गवा म्हणाला, माझ्या लोळायच्या चिखलातून नको. तरस म्हणाला, माझ्या हाडांच्या ढिगाखालून नको. रानडुक्कर म्हणाला, माझ्या दारावरून गेलाच पाहिजे, नाहीतर माझी काय इज्जत राहिली? प्रत्येकाचा मान राखायचा म्हणून पाइपाला काटकोनात एकेक वळण दिलं. अशी नऊ वळणं झाली.

सगुणाबाईने कपाळावर हात मारला. "अहो साहेब, वायर म्हणजे गांडूळ आहे का, आपली आपण वळत जायला? निदान आत एक दोरी तरी सोडा. पाइप जोडता जोडता ओवून ठेवली, की मागाहून तिला वायर बांधून ओढता येते."

"आराखड्यात दोरी आहे?"

"नाही."

"मग गप्प खणा."

उद्घाटन झोकात झालं. आत किडामुंगी जाऊ नये म्हणून पाइपाची दोन्ही तोंडं सिमेंटने बुजवली. वर झेंडूची माळ घातली, शेजारी फलक लावला, 'गुहा ते दवाखाना जोडणी पूर्ण'. टाळ्या झाल्या, पेढे वाटले.

"आणि वायर?" सगुणाबाईने विचारलं.

कुणी वर बघेना. हसू नका रे, मोठी माणसंसुद्धा हेच करतात.

शेवंता पाडसाला घेऊन दवाखान्यात आली, तर पडदा काळा. मग धावपळ झाली. सिमेंट फोडलं, वायर ढकलली. तिसऱ्या वळणावर ती अडकली. जोर लावला, तर तुटली. तीन दिवस हेच चाललं. चौथ्या दिवशी कोल्ह्याने नेमलेल्या समितीने निष्कर्ष काढला, की पाइप उत्तम आहे, दोष वायरीचा आहे.

"तोवर गुहा उघडी आहेच की," कोल्हा गोड आवाजात म्हणाला.

एव्हाना पाडसाला उभं राहवेना. शेवंताने त्याला चाटलं आणि डोळे पुसले.

"चल राजा, गुहेत जाऊ. तिथून एखाद्‌वेळेस परत येशील. इथे राहिलास तर जाशीलच."

"थांब गं बये!" सगुणाबाई ओरडली. "मला फक्त दुपारपर्यंतचा वेळ दे."

तिने ना नारळ फोडला, ना कुणाला विचारलं. पडीक बागेतला जुना पाइप आणला. आधी त्यात वायर ओवली, मग सरळ साठ पावलं चर खणून पुरला. पाणी शिरू नये म्हणून दोन्ही तोंडांना डिंक लावला. गवा, तरस, डुक्कर आणि गुहेत सिंहसुद्धा तेव्हा जेवून घोरत होते.

ऊन कलायच्या आत पडदा उजळला. आधी हत्तीचा नुसता कान दिसला, मग डोळा.

"खोकला कसला! घशात कुसळ अडकलंय याच्या. काढा चटकन."

वानराने दोन बोटं घालून कुसळ काढलं. पाडसाने श्वास घेतला आणि आधी आईला ढुशी मारली. शेवंता हसत होती आणि रडतही होती.

त्या दिवसापासून गुहेत कुणी फिरकेना. सिंहाचं पोट खपाटीला गेलं.

"ही जोडणी केली कुणी?" त्याने दरबारात विचारलं.

भोळ्या प्राण्यांनी आनंदाने सगुणाबाईचं नाव घेतलं. टाळ्याही वाजवल्या.

लगेच चौकशी लागली. विनापरवाना खोदकाम, आराखड्याबाहेरची सरळ रेषा आणि गव्याची झोपमोड असे तीन गुन्हे ठरले. वायर उपटली. नऊ वळणांच्या पाइपाबद्दल कोल्ह्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. सगुणाबाईला निरोप आला, खणून खणून तुमचे दात झिजले असतील, तब्येत दाखवायला गुहेत या.

शेवंता तिला नको नको म्हणत होती. पण दोन शिपाई कोल्हे न्यायलाच आले होते. शेवंता अंधार पडेपर्यंत गुहेबाहेर उभी राहून हाका मारत होती.

सकाळी वहीत नवी नोंद होती. काय, ते तुम्हाला ठाऊक आहे.

तात्पर्य : मुलांनो, पाइप टाकताना आत दोरी कधीही सोडू नये. दोरी असली की वायर जाते, वायर गेली की काम होतं, आणि काम झालं की ते कुणी केलं याची चौकशी होते. चौकशी गुहेत असते.