कानडे सरांचा रुमाल

कानडे सरांना त्यांच्या स्वतःच्या कॉलेजनं फसवलं. संस्थेच्या अध्यक्षांनी फसवलं, चहा पाजून, हसत हसत. कसं ते सांगतोच. आधी सरांचा रुमाल.

समोरचा माणूस आडून आडून बोलायला लागला की सर खिशातून मोठा पांढरा रुमाल काढायचे, आपल्या उजव्या हातावर पसरायचे आणि हात तसाच त्याच्यापुढं धरायचे. माणूस गांगरायचा. सर शांतपणे म्हणायचे, "धरा बोटं. उघड सांगायचं नाही ना?" मग रुमाल झटकून खिशात. "आता उघड्यावर बोलू."

भाजीवाल्या मावशींना त्यांनी हे केलं, दातांच्या डॉक्टरला केलं. एकदा गल्लीत मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांना केलं. मुलाचा बाप नुकताच म्हणाला होता, "आमची तशी काही अपेक्षा नाही." घरी वहिनींनी वैतागून रुमाल लपवले, तर सर उशीचा अभ्रा खिशात कोंबून निघाले.

हा नाद त्यांना माझ्याबरोबर फिरून लागला. मी सातवी पास. बैलांच्या दलालीतून वर आलो, मग सिडकोत पाण्याच्या मोटारींचं दुकान टाकलं. सर शेजारी राहायचे. नव्वदच्या दशकात एकदा ते माझ्याबरोबर घोटीच्या बैलबाजाराला आले. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतात आणि ज्याचा बैल तो शेतकरी बाजूला उभा राहून नुसता रुमालाकडं बघतो, हे पाहून सर तिथंच खिळले. घर आल्यावर पिकअपमधून उतरले नाहीत. म्हणाले, "शेठ, आमच्याकडं हेच झालं."

तेव्हा मला कळलं. सर उपप्राचार्य असताना अध्यक्षांनी लॅब टेक्निशियनचा दोन वर्षांचा कोर्स काढला होता. सरकारी मान्यता नव्हती. "येतेच आहे," अध्यक्ष म्हणाले. "सर, तुमची वैशाली घाला यात. लोकांना भरवसा वाटेल." सरांनी पोरगी घातली. ते बघून इगतपुरीपासून पेठपर्यंतच्या आईबापांनी आपापली मुलं घातली. मान्यता आलीच नाही. कोर्स गुपचूप बंद झाला. वैशालीला दवाखान्याच्या मुलाखतीत प्रमाणपत्र बघून परत पाठवलं.

मी संतापलो. बाजारात आम्हीही असं करतो. ओळखीचा, सरळ तोंडाचा माणूस गिऱ्हाईक म्हणून पुढं उभा करायचा, मग बाकीचे आपोआप येतात. पण आमच्या माणसाला आपण कशासाठी उभे आहोत ते ठाऊक असतं.

"अध्यक्षाला बाजारात आणा," मी म्हणालो. "बघतो मी."

"नको शेठ. तुम्ही ओरडाल, ते चहा मागवतील."

पुढं दोन हजार सालानंतर सगळ्या राज्यातल्या कॉलेजांनी आपल्या कोर्सची माहिती एका सरकारी संकेतस्थळावर टाकायची, असं ठरलं. कोर्स कोणता, किती वर्षांचा, मान्यता कुणाची, पुढं काय करता येतं. कुणीही बघावं, फुकट. सर निवृत्त झाले होते, पण ही बातमी वाचून लग्न ठरल्यासारखे हरखले. "शेठ, सगळ्या राज्याच्या हातावरचा रुमाल निघणार!"

कॉलेजांत हे काम करायला माणूस नव्हता. सर आपण होऊन जायचे, बहुतेक माझ्याच पिकअपमधून, मोटारींच्या खोक्यांशेजारी बसून. पेठच्या बाजूला एका प्राचार्यांनी सांगितलं, "सर, इमारतीचा फोटो टाकतो, बागेचा टाकतो. मान्यतेचा रकाना तेवढा मोकळा राहू द्या. दुसऱ्या कॉलेजला कशाला कळवायचं?"

रुमाल निघाला.

"हे काय, सर?"

मी म्हणालो, "साहेब, बैल घेताना आम्ही दात बघतो. तुम्ही नुसती झूल दाखवताय."

दाराशी उभा असलेला शिपाई म्हणाला, "लय खरं हाय," आणि साहेबांनी बघितल्यावर बाहेर जाऊन हसला. रकाना भरला.

स्वतःच्या जुन्या कॉलेजची माहितीही सरांनीच भरली. बंद पडलेला कोर्सही त्यांनी टाकला आणि पुढं लिहिलं : मान्यता मिळाली नाही, अभ्यासक्रम बंद. अध्यक्ष संगणकाला हात लावत नसत, त्यामुळं कुणाच्या लक्षात आलं नाही.

कॉलेज रोडला तेव्हा प्लायवूडच्या खोपट्यांचे सायबर कॅफे होते. शेजारच्या खोपट्यात पोरं चॅटिंग करायची आणि सर आपल्या जुन्या कॉलेजचं ते एक पान उघडून बसायचे. रोज संध्याकाळी. मी चिडवायचो, "सर, पान पळून जातंय काय?" ते हसायचे. एकदा हसले नाहीत.

"वैशालीला वाटतं, मला माहीत होतं," ते म्हणाले. "अध्यक्षांना खूश करायला मी तिला पुढं केली, असं वाटतं तिला. सुरतला असते. फोन आला तर आईशी बोलते. तिच्या ऑफिसात संगणक आहे म्हणे."

"मग तुम्हीच सांगा ना तिला."

"सांगितलं. बापानं सांगितलेलं ते रुमालाखालचं, शेठ. हे उघड्यावर आहे. अध्यक्षांना खूश करणारा माणूस अशी ओळ लिहील का? कधी तरी बघेल."

जगाला उघड बोलायला लावणारा हा माणूस आपल्या लेकीनं एक ओळ वाचावी म्हणून रोज ती जागेवर आहे का बघायला जायचा.

सर गेले. दिवसकार्याला वैशाली आली होती. ती जाण्याआधी मी तिला कॅफेत नेलं, पान उघडायला लावलं. कॉलेज होतं, बाग होती. ती ओळ नव्हती.

"काका, काय दाखवणार होतात?" तिनं विचारलं. मी सांगितलं ते तिनं ऐकून घेतलं. मान हलवली. पटलं नाही, ते दिसलं.

मी तडक अध्यक्षांकडं गेलो. "जुनं होतं, साफसफाईत गेलं असेल," म्हणाले आणि चहा मागवला. मी चहाला हात लावला नाही.

अध्यक्षसाहेब, आता लिहून विचारतो. ओळ कुणी काढली ते सांगा. ते जमत नसेल तर सुरतला फोन लावा आणि तिच्या बापाला माहीत नव्हतं, एवढं तुमच्या तोंडानं तिला सांगा. नंबर माझ्याकडं आहे. मी समोर बसतो.