मोरचुदाच्या बाटल्या आणि ढोलेभाऊ

ढोलेभाऊ कुणाला भेटले की नमस्कार करायच्या आधी खाली वाकत आणि समोरच्याच्या नडगीवर अंगठा दाबून धरत. नव्या माणसाला वाटे, केवढा हा विनय. जठारपेठेतल्या एका म्हातारीने तर त्यांच्या डोक्यावर हात ठेवून शंभर वर्षं जगण्याचा आशीर्वाद दिला होता. भाऊ वर न पाहताच म्हणाले, "मी जगीन माय. पण तुह्या पायात खड्डा राह्यते. दाळ खात जाय."

अंगठा उचलल्यावर कातडीत खड्डा राहिला तर अंगावर सूज आहे, आणि सूज असेल तर रक्तातलं प्रोटीन उतरलेलं असू शकतं, एवढंच त्यामागचं शास्त्र. भाऊंनी ते लग्नाच्या पंगतीपासून एस.टी.च्या रांगेपर्यंत सगळीकडे नेलं होतं.

आम्ही बौद्ध झालो त्याच्या दुसऱ्या वर्षी अकोल्यातल्या एका धर्मादाय दवाखान्याच्या प्रयोगशाळेत मी हंगामी मदतनीस म्हणून लागलो. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. पगारपत्रकावर सही करणारा आमच्या घरातला मी पहिलाच. कायम होणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

प्रयोगशाळा म्हणजे ढोलेभाऊ. त्यांच्या टेबलावर लाकडी चौकटीत मोरचुदाच्या पाण्याने भरलेल्या बावीस बाटल्या असत, निळ्याशार, प्रत्येक बाटली आधीच्या बाटलीपेक्षा किंचित जड. रक्त थिजल्यावर जे पिवळसर पाणी सुटतं त्याचा एक थेंब बाटलीत सोडायचा. बाटलीतलं पाणी हलकं असेल तर थेंब बुडतो, जड असेल तर वर येतो, आणि दोघांचं जमलं तर मधेच उभा राहतो. तो जिच्यात उभा राहिला त्या बाटलीवरून प्रोटीनचा आकडा काढायचा. धडधाकट माणसाचा सातच्या आसपास येतो.

थेंब सोडताना पंखा बंद, खिडकी बंद, बोलणं बंद. एकदा मोठे डॉक्टर काही विचारायला आत येत होते. भाऊंनी मागे न वळता नुसता हात वर केला. डॉक्टर एक पाय उंबऱ्याच्या आत आणि एक बाहेर ठेवून थांबले. थेंब स्थिर झाल्यावर भाऊ म्हणाले, "या आता. काय म्हणत होते?"

माणसांचीही ते अशीच प्रतवारी लावत. फार बोलणारा असला की "तरंगला." शब्दाचा पक्का असला की "उभा राह्यते हा." माझ्याबद्दल विचारलं तर म्हणत, "तायडेबाबू अजून खाली-वर होऊन राह्यला. घाई कायले?"

मग मोठ्या डॉक्टरांनी मुंबईहून रंग मोजायचं यंत्र आणलं. त्या पिवळ्या पाण्यात औषध घातलं की ते जांभळं होई. जितकं गडद तितकं प्रोटीन जास्त, आणि किती ते यंत्राचा काटा सांगे. यंत्र माझ्याकडे दिलं. डॉक्टरांनी फर्मावलं, पन्नास रोग्यांचं रक्त दोघांनी आपापल्या रीतीने तपासायचं, एकमेकांची वही पाहायची नाही. आकडे जुळले तर यंत्र राहील, आणि यंत्र राहिलं तर ते चालवणारा कायम होईल.

आमच्या समोर तेलगिरणी होती. ती सुरू झाली की दिवे मंद होत आणि माझा काटा थरथरू लागे. एकाच नमुन्याचं प्रोटीन तो सकाळी साडेसात दाखवी आणि दुपारी सहाच्या खाली. भाऊ लांबूनच पाहत. "तुह्या यंत्राले गिरणी समजते, रक्त नाई समजत," म्हणत.

आता जे कधी कुणाला सांगितलं नाही ते लिहितो. दुपारी भाऊ डबा घेऊन वॉर्डात जात. त्यातली अर्धी दाळ ज्याच्या पायात खड्डा सापडेल त्याच्या वाटीत जाई. तेवढ्या वेळात मी त्यांचा खण उघडून वही पाहायचो. माझे खरे आकडे चिठ्ठीवर राहत, चिठ्ठी कचऱ्याच्या टोपलीत जाई, आणि माझ्या वहीत भाऊंचे आकडे जात. कधी एक दशांश वर, कधी दोन खाली. अगदीच तंतोतंत जुळलं तर संशय येतो, एवढी अक्कल मला होती.

चाळीस-बेचाळीस रोगी असे झाले. मग दर्यापूरकडची एक बाई दाखल झाली. पाय गुडघ्यापर्यंत सुजलेले. त्या दिवशी गिरणीला सुटी होती. काटा शांत होता आणि माझ्या चिठ्ठीवर आकडा आला चार पूर्णांक एक. भाऊंच्या वहीत तिच्यापुढे सहा पूर्णांक आठ होते. वरच्या ओळीतल्या रोग्याचे सहा-आठ त्यांच्या हातून तिच्याही ओळीत उतरले होते. मी विचार केला नाही. चिठ्ठी चुरगळून टोपलीत टाकली आणि वहीत सहा-सात लिहिलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. "दोन्ही रीतींनी प्रोटीन ठीक आहे. म्हणजे सूज हृदयाची. तशी औषधं सुरू करतो."

मी जमिनीकडे पाहत उभा. एक शब्द बोललो असतो तर त्या बाईचं भलं झालं असतं आणि माझी वही उघडी पडली असती. मी बोललो नाही.

भाऊ बोलले. "थांबा साहेब. नमुना माह्या हातून बदलला. दुसऱ्याच रोग्याचं रक्त तपासलं गेलं. तायडेबाबूलेबी मीच तो चुकीचा नमुना देला."

नवं रक्त घेतलं. थेंब तीन-नऊच्या बाटलीत उभा राहिला. बाईचे उपचार बदलले आणि महिन्याभराने ती आपल्या पायांनी गाडीत बसली. पण नमुना बदलणं हा प्रयोगशाळेत मोठा गुन्हा. डॉक्टर सगळ्यांदेखत भाऊंना नाही नाही ते बोलले. बाटल्या कोठीत गेल्या, भाऊ लघवी तपासायच्या टेबलावर गेले आणि मी कायम झालो. नमुना बदललेला नव्हता हे भाऊ बोलले त्याच क्षणी मला कळलं होतं. बदललेल्या नमुन्यात चार-एक आलंच नसतं.

वर्षभरात भाऊ नोकरी सोडून अमरावतीला पुतण्याकडे गेले. मी पत्र टाकलं नाही.

जायला मला दहा वर्षं लागली. पुतण्या नागपूरला गेला होता, भाऊ मागच्या खोलीत एकटे राहत. बायको फार पूर्वी गेलेली, मूल नव्हतं. मी शेंदूरजनाघाटची संत्री नेली होती.

"अमरावतीत संत्र्याचा दुष्काळ पडला काय बापा?" ते म्हणाले. "बस."

मी बसलो आणि सगळं सांगून टाकलं. खण, वही, सहा-सात. ते ऐकत सालं काढत होते. हात इतका कापत होता की संत्र्याचा रस मनगटावरून ओघळला.

"मले मालूम होतं," ते म्हणाले. "तुही चिठ्ठी मी टोपलीतून काढली त्या सांजेले. चार-एक पाह्यलं अन् मंग वही पाह्यली. तवा कुठी माही चूक मले समजली."

"तुम्ही टोपली पाहत होता?"

"रोज. तू माही वही पाहे, मी तुही टोपली पाहो. तवाच हात कापाले लागला होता ना. थेंब सिधा पडला का नाई, समजेच ना. कोणाले सांगू?" एक फोड माझ्या हातावर ठेवत म्हणाले, "ते बाई तुह्या चार-एकनं वाचली. तू कायले भेला रे? यंत्र बरोबर होतं."

"मग माझं नाव का नाही सांगितलं?"

"माह्या नोकरीचे दोन-तीन वर्षं राह्यले होते. तुहे सारेच होते."

मी जायला उठलो. ते म्हणाले, दुपारच्या भाकरी व्हायच्याच आहेत, जेवूनच जा. परात घेऊन डब्यापाशी बसले. एक मूठ पीठ घेतलं, दुसरी घेतली, तिसरी अर्धी परत टाकली.

"बाबू," ते परातीकडे पाहत म्हणाले, "दोघांले पीठ किती लागते?"