एका सीटचं केळवण

हर्षदा पाटावर बसली होती, पण बसली होती म्हणण्यात अर्थ नव्हता. मांडी घातलेली, तरी उजव्या पायाचा अंगठा ॲक्सिलरेटर शोधत होता. समोर पुरणपोळी, कटाची आमटी, तुपाची वाटी, ताटाभोवती रांगोळी. नुकतंच औक्षण झालेलं, त्यामुळे कपाळाला तांदूळ चिकटलेले.

“पाय किती हलवतीस गं,” मुक्ताकाकी म्हणाल्या. “नवरीनं कसं गप बसावं.”

“काकी, मी नवरी नाहीये.”

“आदी समद्या असंच म्हनत्यात,” असं म्हणून काकींनी तिसरी पोळी वाढली.

आता यात चूक कोणाची, तर तिच्या आईची. पण त्या माउलीने तरी काय करावं? लोणावळ्याच्या गो-कार्टच्या ट्रॅकवर भलभलत्या पोरांना मागे टाकणाऱ्या आपल्या लेकीची मुलींच्या ज्युनिअर शर्यतींसाठी निवड झाली. दिवाळीनंतर हंगाम सुरू. खऱ्याखुऱ्या रेसिंगच्या गाड्या, वरून उघड्या, एकाच माणसापुरत्या. पोर चार महिने परमुलखात फिरणार म्हटल्यावर अनिताबाईंचं काळीज हललं. त्यांनी पाट मांडला, रांगोळी घातली, ओवाळलं, नवी साडी दिली आणि पोटभर जेवू घातलं. मुलीला घरातून पाठवायची एवढी एकच रीत त्यांना माहीत होती. वडील उमेशराव हौशी. त्यांनी त्याचा फोटो काढून स्टेटसला ठेवला.

झालं. वडगावात बातमी पसरली, उमेशच्या पोरीचं जमलं. आईनेच पहिलं केळवण केलं म्हटल्यावर भावकी मागे राहते होय? थोरल्या घरी जेवली, मग धाकट्या घरी का नाही? धाकट्या घरी श्रीखंड होतं, मग आम्ही काय नुसता वरणभात घालायचा?

हर्षदाने सुरुवातीला सगळ्यांना खरं सांगून पाहिलं. “मी शर्यतीला चाललेय. एका सीटची गाडी असते.”

“एकच शीट?” मुक्ताकाकींच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी उमटली. “आन् जावईबापू कुटं बसनार?”

हर्षदाने आईकडे पाहिलं. आई कानाशी येऊन म्हणाली, “गप जेव. साडी घेतलीया आपण त्यांची. आता न्हाई म्हणलं तर जलमभर ऐकावं लागंल.”

आईचं बरं होतं, तिला त्या गाडीत बसायचं नव्हतं. ती गाडी म्हणजे चाकांवरची बादली. बादलीत कंबर मावली तर हंगाम, नाहीतर घर. टीमची इंजिनिअर स्नेहल फोनवर स्पष्ट बोलली होती, “तुझ्या मापाची सीट ओतायचीय. बसलीस आणि सांगितलेल्या वेळात कुणाच्या मदतीशिवाय बाहेर आलीस, तर गाडी तुझी. नाहीतर राखीव मुलगी आहेच.” राखीव मुलगी म्हणजे प्रेरणा. अंगावर मांस नावाला नाही. आणि वयाची अट अशी की पुढच्या वर्षी हर्षदाला कोणी विचारणार नव्हतं. हे आठवलं की तिला घास गिळवत नसे. पण यजमानीण समोर बसलेली असे, त्यामुळे गिळावाच लागे.

तिने उपायही केले. पहाटे स्कूटी काढून लोहगडवाडीला जायची आणि गडाच्या पायऱ्या धावत चढायची. तिसऱ्या दिवशी खाली उतरताना टपरीवाल्या चिंगीमावशींनी तिला अडवलं. “तू उमेशभाऊंची ना? लगीन हाय म्हनं तुजं. अशी उपाशी पळतीस व्हय? बस.” आणि पिठलं-भाकरीवर लोण्याचा गोळा पडला. चढताना जे गेलं असेल ते उतरल्यावर व्याजासकट परत आलं.

सीट ओतायच्या आदल्या दिवशी नंदाआत्यांचा फोन आला. आत्या नवलाख उंबरे गावात दिलेल्या, उमेशरावांच्या थोरल्या बहीण. नात्यातलं शेवटचं घर त्यांचंच राहिलं होतं.

“उद्या नाही हो जमणार, वन्सं,” अनिताबाई म्हणाल्या. “उद्या हर्षीला वर्कशॉपला जायचंय. तुमच्याच गावाशेजारी, कंपन्यांच्या लाईनीत.”

“माज्या दारावरनं जानार आन् उपाशी जानार?” आत्यांनी फोन ठेवला. हे लक्षण काही ठीक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मायलेकी वर्कशॉपमध्ये पोचल्या. कोपऱ्यात प्रेरणा रेसिंगचा सूट घालून, हेल्मेट मांडीवर घेऊन तयारच बसली होती. स्नेहलने गाडीत एक मोठी पिशवी अंथरली आणि तिला वर बसवलं. पिशवीत दोन रसायनं ओतली की त्यांचा फेस फुगतो, अंगाच्या आकाराने पसरतो आणि तसाच घट्ट होतो. तीच सीट.

“नेहमीसारखी सैल बस,” स्नेहल म्हणाली.

पण सैल बसायची हर्षदाला लाज वाटली. प्रेरणा बघत होती. हर्षदाने पोट आत ओढलं, कुशी आवळल्या, श्वास रोखला. फेस गरम होत वर चढला. ती चोरून इवलासा श्वास घेई आणि पुन्हा आवळून बसे. फेस दगडासारखा झाला, तेव्हा कुठे तिने श्वास सोडला.

आणि ती अडकली. एक महिन्याची पुरणपोळी आपल्या मूळ जागी परत आली होती.

“छान. आता बाहेर ये,” स्नेहलने घड्याळ लावलं.

हर्षदाने हातांवर जोर दिला. ती उठेना. पुन्हा दिला, तर तिच्याबरोबर सीटही वर येऊ लागली. अनिताबाई पुढे धावल्या, पण स्नेहलने अडवलं. “मदत चालत नाही, काकू. शर्यतीत गाडीने पेट घेतला तर तुम्ही थोड्याच असणार तिथं?” पेट घ्यायचं ऐकून अनिताबाई मटकन टायरवर बसल्या.

“शेवटचा प्रयत्न,” स्नेहल म्हणाली. “नाहीतर प्रेरणाला बसवून बघू.” प्रेरणा उठून उभीच राहिली. हर्षदाच्या डोळ्यांत पाणी आलं. स्नेहलने घड्याळाचं बटण दाबलं.

तेवढ्यात शटर करकरलं आणि दारात नंदाआत्या उभ्या. एका हातात पाच मजली डबा, दुसऱ्या हातात साडीची पिशवी, काखेत पाट.

“हर्षे, हितं बसलीस व्हय? बस, बस, उठू नगंस. तितंच वाढते.”

डब्याचं झाकण उघडलं. तुपाचा वास सुटला. हर्षदाचं पोट भीतीने असं काही आत गेलं की पाठीला लागलं. ती नेमकी कशी सुटली हे तिलाही सांगता आलं नसतं. स्नेहलने घड्याळ थांबवलं तेव्हा ती गाडीपलीकडे, मागच्या भिंतीला टेकून उभी होती.

“पास,” स्नेहल घड्याळाकडे बघत म्हणाली. “गाडी तुझी. पण हंगाम संपेपर्यंत एक घासही जास्त नको.”

अनिताबाईंनी लेकीच्या चेहऱ्यावरून हात फिरवून कानशिलाशी बोटं मोडली. हर्षदा हसतही होती आणि रडतही होती. नंदाआत्या मात्र उघडा डबा घेऊन तशाच उभ्या होत्या. एक घासही नको, म्हणजे एवढं सगळं आता कोणी खायचं? त्यांनी वर्कशॉपभर नजर फिरवली. ती कोपऱ्यातल्या, गळ्याची हाडं वर आलेल्या, हिरमुसल्या प्रेरणावर जाऊन थांबली.

“ही कुनाची गं पोर?”

“माझ्याच टीमची आहे, आत्या. मला काही झालं तर माझ्या जागी हीच बसणार.”

“आन् हिचं केळवण झालं का?”

हर्षदाने क्षणभर प्रेरणाकडे पाहिलं.

“नाही ना, आत्या,” ती म्हणाली. “हिला कुणी बोलावतच नाही.” आणि आत्यांच्या काखेतला पाट घेऊन तिने स्वतःच्या हाताने प्रेरणासमोर मांडला.