हिशेब विभागातला फ्रिज

जावईबापूंचं खरं नाव आमच्या इमारतीत कुणी घेत नाही. सासूबाई लेकीकडे कायमच्या राहायला आल्या, तेव्हापासून जिन्यात, लिफ्टमध्ये, दूधवाल्याच्या तोंडी हेच नाव. तर या जावईबापूंनी एका सोमवारी ऑफिसातले तीन उरलेले प्लग घरी आणले आणि तिथून सगळं बिनसलं.

साधेसुधे प्लग नव्हते ते. ऑफिसनं पर्यावरणासाठी नवी यंत्रणा बसवली होती. पंखा असो की प्रिंटर, प्रत्येकाला असा प्लग. कुणी किती वीज खाल्ली ते प्लग इंटरनेटवरून ऑफिसच्या कॉम्प्युटरला कळवायचा आणि कोणता विभाग उधळा, कोणता काटकसरी, हे खालच्या मोठ्या स्क्रीनवर येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायचं. आठवड्याच्या शेवटी जो विभाग तळाला, त्याचं चहाचं मशीन जाणार, असं साहेबांनी जाहीर केलं होतं. हिशेब विभाग म्हणजे चहावर चालणारी माणसं. त्यांनी प्लगांची जबाबदारी जावईबापूंवर टाकली. ("नाहीतरी तुम्हाला सगळ्यात नाक खुपसायची सवय.")

आता घरात वीज नक्की कोण खातं, हे कुतूहल जावईबापूंना लग्नापासून छळत होतं. (उत्तर मनात तयार होतं, फक्त पुरावा हवा होता.) सासूबाईंचा टीव्ही, सासूबाईंचा हीटर आणि फ्रिज, तिन्हींना प्लग लागले.

मंगळवारी संध्याकाळी सहाला टीव्ही गेला. हीटर गेला. फ्रिजही गप्प.

"अहो, दिवे आहेत आणि टीव्ही नाही, हे कसं?" बायकोनं विचारलं.

"जुना झालाय तो."

"आणि फ्रिज?"

"त्याचंही वय झालंच की."

"मग माझंच काय राहिलंय," आतून सासूबाई म्हणाल्या. "मलाही टाका मोडीत."

सकाळी नऊला सगळं आपोआप सुरू. संध्याकाळी सहाला पुन्हा बंद. गुरुवारी दूध नासलं. वायरमन सकाळी आला, सगळं चालू बघून कोरा चहा प्यायला आणि "घराला कुणाची नजर लागलीय का?" एवढं विचारून गेला. सासूबाईंनी जावईबापूंकडे पाहिलं.

शुक्रवारी साहेबांनी जावईबापूंना स्क्रीनसमोर उभं केलं. प्रत्येक वस्तूचं नाव यंत्रणेत भरायचं असतं, आणि जावईबापूंचं काम चोख.

"हिशेब विभागात फ्रिज आहे?" साहेब म्हणाले.

"तसा नाही, साहेब."

"आणि सासूबाई कधीपासून आहेत?"

जावईबापूंनी सगळं सांगून टाकलं. कॉम्प्युटरवाली मुलगी हसू दाबत म्हणाली, "काका, यंत्रणेला तुमचं घरही ऑफिसच वाटतं. ऑफिस सुटलं की ती राहिलेलं सगळं बंद करते."

तोवर मागे अख्खा हिशेब विभाग जमला होता. विभाग तळापासून दुसरा होता. चहा जेमतेम वाचत होता. जावईबापूंना गहिवरून आलं. "साहेब, चूक माझी. माझ्या घरची वीज या बिचाऱ्यांच्या माथी नको. ते तीन प्लग वगळा."

कुणीतरी त्यांची पाठ थोपटली. मुलीनं प्लग वगळले. स्क्रीन लुकलुकला आणि हिशेब विभाग तळाला गेला.

"हे उलटं कसं झालं?" जावईबापूंनी विचारलं.

"दर प्लगमागे सरासरी काढतात ना, काका. तुमच्या घरचे प्लग ऑफिसच्या यंत्रांपेक्षा खूपच कमी वीज खायचे. त्यांच्याच जिवावर विभाग वर होता."

पाठ थोपटणारा हात हळूच निघून गेला. पाठोपाठ मशीनही गेलं.

विभागाला चहा अजून मिळतो. रोज दुपारी जावईबापू खालच्या चहावाल्याकडून किटली भरून आणतात, पाचव्या मजल्यावर, जिन्यानं, धापा टाकत. लिफ्टकडे नुसतं बघितलं तरी सगळे खोकतात. विभाग आता पहिला आलाय, आणि खालच्या स्क्रीनवर त्याच्या नावापुढे एक नवी ओळ दिसते: 'चहाचे मशीन, नवीन. वीज शून्य. आवाज फार.'