मुहूर्ताचा गूळ आणि अण्णासोंची कवळी

अण्णासोंच्या वरच्या कवळीवर डॉक्टर अक्षताचा भारी जीव. उचगावात दवाखाना थाटल्यावर तिनं बसवलेली ती पहिली कवळी. मटेरियल नवं, प्रयोगशाळेत यंत्रानं लाखो वेळा चावून पारखलेलं. कंपनीचा तो रिपोर्ट तिनं चौकटीत घालून भिंतीवर टांगला होता. लग्नाचा फोटोसुद्धा तिनं एवढ्या हौसेनं लावला नव्हता.

"अण्णासो म्हणजे गुळाच्या सौद्यातले का?" डॉक्टर विजयसिंहांनी फोनवर विचारलं होतं. हे तिचे गुरू. उभं आयुष्य कोल्हापूरकरांचे दात बसवण्यात गेलेलं.

"हो सर, तिथं बोली पुकारतात."

"मग गूळ चाखत असतील की. त्याचं काय केलंस?"

"सर, लॅबचा रिपोर्ट आहे!" असं म्हणून तिनं विषय संपवला. सरांचं आता वय झालंय, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

दिवाळीच्या पाडव्याला मुहूर्ताच्या सौद्याचं आमंत्रण आलं. दात गेल्यापासून अण्णासोंची पुकार बंद पडली होती, आणि यंदा पहिल्या बोलीचा मान पुन्हा त्यांना मिळाला होता. "मॅडम, आज तुमचं काम समद्या कोल्हापुरानं बघायचं हाय," फेटा सावरत ते म्हणाले. अक्षताचा ऊर भरून आला.

रिवाजाप्रमाणे अण्णासोंनी पहिल्या ढेपेचा खडा उचलला, झोकात चावा घेतला आणि पुकारायला तोंड उघडलं. तोंड उघडलं खरं, पण दात गुळातच राहिले. त्यांनी चपळाईनं खडा पाठीमागं लपवला. पाठीमागं आडतीचे मालक बाळासो ताट घेऊन उभे होते. त्यांना वाटलं, हा प्रसादाचा खडा. त्यांनी तो ताटात घेतला, वर झेंडूचं फूल ठेवलं आणि ताट थेट मुख्य पाहुण्यांपुढं धरलं.

पाहुण्यांनी फूल बाजूला केलं आणि ते दचकले. "बाळासो, ह्यो गूळ माझ्याकडं बघून हसतोय की वो!"

अख्खा सौदा खदखदला. अण्णासोंनी फेट्याचा शेव तोंडावर धरला, पण डोळ्यांतलं पाणी काही लपेना. अक्षतानं पुढं होऊन ताटातला खडा उचलला आणि सरांना फोन लावून घडलं ते सांगितलं.

"ओढू नकोस," सर लगेच म्हणाले. त्यांना हसूसुद्धा आलं नाही. "चहाच्या गाड्यावरनं कोमट पाणी घे. उकळतं नको, कवळी वाकडी होईल. गूळ आपोआप सोडतोय बघ. आणि अण्णासोंना सांग, पुढच्या दातांनी तोडायचं न्हाई. चिमूटभर घेऊन जिभेवर धरायचा."

साडी सावरत ती गाड्याकडं पळाली. पातेल्यात तो खडा बघून चहावाला म्हणाला, "मॅडम, गूळ तर घातलासा. आता पत्ती टाकू काय?"

कवळी सुटली. धुऊन पुसून तिनं ती स्वतःच्या हातानं बसवली, आणि अण्णासोंनी अशी पुकार दिली की शेडवरची कबुतरं उडाली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यापुढं ही गर्दी! आता सगळे मिळून जाब विचारणार, या धास्तीनं ती कोपऱ्यावरच थांबली. पुढं अण्णासोच होते.

"ह्याच त्या!" ते गर्दीला सांगत होते. "गुळानं वढली तरी कवळीला तडा न्हाय. आन माझी पुकार जाऊ नये म्हणून बाई भर सौद्यात पळाल्या. मॅडम, लई उपकार झालं बघा." त्यांनी दातांचे वळ उमटलेला उरलासुरला खडा तिच्या हातावर ठेवला. गर्दीतली सगळी बोळकी कौतुकानं हसली. सगळ्यांना कवळी हवी होती.

खडा अक्षतानं त्या रिपोर्टखालीच ठेवला आणि सरांना फोन केला.

"सर, तुमचे आभार कसे मानू?"

"माझे कसले? अण्णासोंच्या वडलांचे मान. असाच मुहूर्त, असाच गूळ, आणि कवळी मी बसवलेली. फक्त तवा मला फोन करायला कोण नव्हतं."

"मग काय केलंत, सर?"

"ओढली की. अर्धी हातात आली, अर्धी गुळात राहिली," सर म्हणाले, आणि आता मात्र पोट धरून हसले.