थापाड्याचा सरळ अर्ज

साहेबांचा नियम साधा होता. रजेचं कारण खोटं असलं तरी चालेल, पण नवीन हवं. जुनं कारण आलं की ते अर्जावर ‘वाचलेले आहे’ असा शेरा मारत आणि रजा नामंजूर. नवीन असलं तर मात्र सगळ्या ऑफिसला मोठ्यानं वाचून दाखवत, पोट धरून हसत आणि सही ठोकून देत.

या नियमावर सगळ्यात सुखात कोण होता, तर आवक-जावकचा कारकून. त्याला सगळे थापाड्याच म्हणत. एकदा शेजाऱ्यांच्या बकरीनं त्याची इस्त्रीची पँट खाल्ली. एकदा सासूबाई कपाटात अडकल्या आणि किल्ली नेमकी त्यांच्याच कमरेला! साहेब त्या दिवशी हसता हसता खुर्चीवरून घसरले होते.

पण डोकं म्हणजे काय नळ आहे, सोडला की यायला? यंदा बायकोनं समुद्रकाठी चार दिवस जायचं ठरवलं. लग्नानंतरची पहिली सहल. तिकिटं आली, बॅगा भरल्या.

“रजा नाही मिळाली तर मी एकटी जाईन,” तिनं बजावलं. “आणि परत येईनच असं धरून चालू नका.”

झालं! थापाड्याला एकही थाप सुचेना. निघायच्या आदल्या दिवशी त्यानं मोबाईलमधल्या एआयला साकडं घातलं, “रजेसाठी झकास अर्ज लिही.” एआयनं पापणी लवायच्या आत लिहिला. तेवढ्यात टायपिस्टबाई ओरडल्या, “साहेब निघाले हो!” थापाड्यानं न वाचताच प्रिंट काढली आणि साहेबांच्या हातात कोंबून जिना उतरला.

साहेब हसायच्या तयारीनं उभे राहिले. वाचू लागले, “महोदय, प्रकृतीच्या कारणास्तव मला चार दिवसांची रजा मिळावी, ही नम्र विनंती.”

त्यांनी कागद उलटून पाहिला. मागे काहीच नव्हतं.

“बकरी नाही?” ते हताशपणे म्हणाले. “बाई, सासूबाईसुद्धा नाहीत हो यात!”

“नम्र विनंती?” टायपिस्टबाईंनी रुमाल डोळ्यांना लावला. “साहेब, हे शेवटचंच दिसतंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी थापाड्या आणि बायको बॅगा घेऊन जिना उतरताहेत, तो खाली अख्खं ऑफिस! साहेबांच्या हातात फुलं, बाईंच्या हातात फळं, मागे गाडी सुरू.

“चला, मोठ्या हॉस्पिटलात,” साहेब फुलं पुढे करत म्हणाले. “माझा मेहुणाच तिथे सर्जन आहे. उघडून बघेल.”

“काय उघडून बघेल? साहेब, मी ठणठणीत आहे! आईशप्पथ! तो अर्ज मी लिहिलाच नाही, मशीननं लिहिला.”

“मशीननं रजा मागितली म्हणे!” साहेब कळवळले. “बरळायला लागला बिचारा. धरा रे त्याला!”

दोघांनी त्याला बखोटीला धरून गाडीकडे चालवलं. ट्रेन सुटायला पाऊण तास उरला होता आणि सहल डोळ्यांदेखत हॉस्पिटलच्या वाटेला लागली होती. बायकोनं बॅग दाणकन खाली ठेवली.

“सोडा त्यांना. साहेब, आजार आहे, पण घोरण्याचा. हे तालात घोरतात. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी त्या तालावर नाचाचा क्लास काढलाय. आता यांची लय वाढलीय, विद्यार्थिनींचे पाय सुजलेत. डॉक्टर म्हणाले, चार दिवस लाटांच्या आवाजात झोपवा, म्हणजे ताल मोडेल.”

साहेब असे हसले की फुलं गळून पडली.

“नवीन आहे! अहो, एकदम नवीन आहे! म्हणजे हा मरत नाही! मंजूर, वहिनी, मंजूर! बसा, स्टेशनवर सोडतो तुम्हाला.”

ट्रेन सुटली. थापाड्या कौतुकानं बायकोकडे बघत राहिला. एवढी सफाईदार थाप, तीही उभ्या उभ्या, पापणी न हलवता! मग हळूहळू त्याचा चेहरा बदलला.

“काय गं,” त्यानं दबकत विचारलं, “तुला बघायला आलो तेव्हा म्हणाली होतीस, पाहताक्षणीच आवडलात म्हणून...”

बायकोनं खिडकीबाहेर नजर वळवली.

“झोपा आता,” ती म्हणाली. “प्रवास लांबचा आहे.”