पांढऱ्या झाकणाचा डबा

माणसाचं पोट त्याचं स्वतःचं असतं, हा एक जुना गैरसमज आहे. पोट सरकारचं असतं. माणसाकडे ते फक्त वापरायला दिलेलं असतं. कुठल्या पोटाने काय आणि किती सोसायचं हे प्रत्येक देशाचं सरकार कायद्याने ठरवून देतं, आणि नागरिकांची पोटं बिचारी निमूटपणे तो कायदा पाळतात. समुद्रापलीकडच्या देशातल्या पोटाला गव्हावर फवारलेल्या कीटकनाशकाचा जेमतेम एक अंश सोसतो. आपल्या पोटाला पन्नास. कोत्या मनाची माणसं याला भेदभाव म्हणतात. अन्न खातं याला राष्ट्रीय क्षमता म्हणतं.

ही पन्नासची मर्यादा कशी ठरली याबद्दल उगाच कुजबुज चालते. प्रत्यक्षात पद्धत अगदी शास्त्रीय होती. तज्ज्ञांच्या समितीने बाजारातून पिठाचे नमुने आणले आणि त्यांत कीटकनाशक किती निघतं ते मोजलं. सगळ्यांत जास्त अठ्ठेचाळीस निघालं. समितीने दोन अंश अडीअडचणीला ठेवले आणि पन्नासवर शिक्कामोर्तब केलं. तेव्हापासून एकही नमुना नापास झालेला नाही. (त्याआधी बरेच होत. म्हणून तर समिती नेमली होती.)

या मर्यादेची राखण करायला बंदरावर एक अन्न निरीक्षक बसत. गोदामाला चिकटून त्यांची खोली होती. तिच्यात एक टेबल, एक वजनकाटा, नमुन्यांच्या बाटल्यांचं कपाट आणि भिंतीवर ‘सुरक्षित अन्न, निरोगी जन’ अशी पाटी. पाटीमागे एक पाल सहकुटुंब राहत असे. निरीक्षकांनी सगळी नोकरी कुणाच्या अध्यात ना मध्यात अशी काढली होती, आणि निवृत्तीही तशीच गाठायची असा त्यांचा बेत होता.

त्यात एके दिवशी बिस्किटांचे चाळीस हजार डबे घेऊन एक जहाज बंदराला लागलं. बिस्किटं याच शहरातल्या कारखान्याची. दोन महिन्यांपूर्वी ती याच बंदरातून वाजतगाजत निघाली होती. पलीकडच्या देशाने ती तपासली, एकेचाळीस अंश निघाले, आणि त्यांनी सगळे डबे हात न लावता परत पाठवले. (हात लावला होता, पण हातमोजे घालून, असं नंतर कळलं.)

निरीक्षकांना वाटलं, हा माल अडवावा. हे वाटणं त्यांच्या स्वभावाला धरून नव्हतं, म्हणून खात्री करून घ्यायला ते कायदा कक्षात गेले. तिथे कलमदादा बसत. घरी भाजी आणायला सांगितली तरी ते कुठल्या कलमाखाली म्हणून विचारतात, अशी त्यांची ख्याती होती.

“डबे परदेशातून आले ना?” कलमदादांनी विचारलं.

“आले.”

“मग ती झाली आयात. आयात मालाला घरच्या मालापेक्षा वाईट वागवणार नाही, असं आपण व्यापाराच्या करारात लिहून दिलंय. घरच्या बिस्किटांत किती असतं?”

“असतं चाळीस-पंचेचाळीस.”

“आणि यांच्यात एकेचाळीस. म्हणजे घरच्यापेक्षा सोज्वळच की. अडवून तर बघा, कारखाना कोर्टात जाईल. म्हणेल, आमची बिस्किटं जरा बाहेर जाऊन आली तर तुम्ही त्यांना घरात घेत नाही.”

“अहो, पण त्यांनी विष म्हणून परत पाठवलीत.”

“तिथल्या कायद्यात विष, साहेब. इथल्या कायद्यात बिस्किट. आपण कुठे बसलोय?”

निरीक्षक इथेच बसले होते. त्यांनी सही केली. तिच्या चाळीस हजार चिकटपट्ट्या छापल्या गेल्या आणि प्रत्येक डब्याच्या बुडाला एकेक लागली: ‘तपासले. मर्यादेत आढळले.’

आता या बिस्किटांचं नशीब बघा. डब्यावर मूळचीच परदेशी अक्षरं होती, त्यावर तिथल्या बंदराचा लाल शिक्का. (तो ‘नाकारले’ असा होता, पण ती भाषा इथे कुणाला येते?) दुकानदारांनी डब्यांची रास रचली, वर ‘एक्स्पोर्ट क्वालिटी’ अशी पाटी लावली आणि भाव दीडपट केला. डबे आठवड्याभरात संपले. परदेशात नापास होऊन आलेल्या मुलाचाही लग्नाच्या बाजारात भाव वाढतो, मग बिस्किटांनीच काय घोडं मारलंय? कारखान्याने यावरून योग्य तो बोध घेतला आणि सगळाच माल आधी परदेशी पाठवून, तिथून रीतसर नाकारून घेऊन, मग इथे विकायला सुरुवात केली. मध्ये एकदा तिथल्या तपासनिसाच्या हलगर्जीपणामुळे एक खेप चक्क स्वीकारली गेली. मालक दोन दिवस नीट जेवले नाहीत.

निरीक्षकांच्या घरी त्या सुमारास लेक आली होती. जावई पलीकडच्याच देशात नोकरीला. त्यांनी तिथलं नागरिकत्वही घेतलं होतं. लेकीला पाचवा महिना चालू होता आणि तिच्या पोटात काही ठरत नव्हतं. दूध नाही, फळं नाही, आईच्या हातचं गरम जेवणही नाही. सकाळ झाली की न्हाणीघरातून तिच्या उलटीचा आवाज येई, आणि निरीक्षक वर्तमानपत्राचं एकच पान धरून बसत. शेवटी आईने कसलीशी बिस्किटं आणली, आणि ती तेवढी टिकली. आईला हायसं वाटलं. तिने एकदम सहा डबे आणून ठेवले.

संध्याकाळी निरीक्षक घरी आले, टेबलावरचा डबा त्यांनी नोकरीच्या सवयीने उलटा केला, आणि खाली स्वतःची सही वाचली. त्यांनी स्टुलावर चढून सहाच्या सहा डबे कपाटावर ठेवून दिले.

“अहो, हे काय?” बायको म्हणाली. “पोरीच्या पोटात दोन घास टिकतायत, ते बघवत नाही का तुम्हाला?”

“ही बिस्किटं तिने खायची नाहीत.”

“का? खराब आहेत?”

“खराब नाहीत. मर्यादेत आहेत.”

“मग?”

“मग काही नाही. खायची नाहीत.”

बायकोने एक डबा खाली काढला, चष्मा लावला आणि बुडाची चिकटपट्टी वाचली. “सही तुमचीच ना ही? म्हणजे चाळीस हजार घरांत चालतात, आणि आपल्या घरात नाही चालत. डबा तोच, सही तीच. असं का हो?”

बाईंनी आंतरराष्ट्रीय व्यापार करार जन्मात वाचलेला नव्हता. पण ज्या एका तत्त्वावर तो अख्खा करार उभा आहे, ते समान वागणुकीचं तत्त्व त्यांनी चष्मा पुसता पुसता मांडलं, तेही वकिलाची फी न घेता. निरीक्षकांना लाज वाटली, चांगलीच वाटली, आणि ते खुर्चीच्या पायाकडे बघत राहिले.

लेक दारात उभी राहून ऐकत होती. “बाबा, बाळाला काही होईल का?”

“मर्यादेत आहे गं.”

“कुणाच्या?”

खात्याच्या आजवरच्या इतिहासात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. निरीक्षक दुसऱ्या दिवशी कचेरीत गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा आपणहून मंत्रालयाला पत्र लिहिलं. विषय: एकाच पोटात दोन मर्यादा असल्यास काय करावे. खाली मुद्दा असा, की आई इथली नागरिक असल्याने तिला पन्नास अंश चालतात. बाळ वडिलांमुळे पलीकडच्या देशाचं नागरिक होणार असल्याने त्याला एकच चालतो. बिस्किट मात्र दोघांत मिळून एक. तरी मार्गदर्शन व्हावे. कलमदादांनी मसुदा वाचला, आणि कधी नव्हे ते कलम न सांगता खुर्चीत मागे टेकून बसले.

मंत्रालयाने समिती नेमली. समितीत एका गटाचं म्हणणं पडलं की बाळ हा आपल्या हद्दीतून पुढे जाणारा परदेशी माल आहे आणि आई हे त्याचं वेष्टन. तेव्हा वेष्टनाला इथला कायदा लावावा आणि आतल्या मालाला तिथला. दुसऱ्या गटाने सुचवलं की आईने पन्नास अंश खुशाल खावेत, पण बाळापर्यंत त्यातला एकच जाऊ द्यावा आणि बाकीचे एकोणपन्नास स्वतःकडे ठेवून घ्यावेत. आया एरवी करतात ते याहून वेगळं काय असतं? समितीतले एकुलते एक डॉक्टर म्हणाले, असं शरीरात होत नाही. त्यांचं मत अहवालाच्या मागे, नकाशांनंतर जोडण्यात आलं. (नकाशे कशाचे होते ते कळत नाही.)

एवढ्यात पलीकडच्या देशाच्या वकिलातीचं दोन ओळींचं पत्र आलं: आमच्या होऊ घातलेल्या नागरिकाला तुमच्याकडे काय खाऊ घातलं जातं ते कळवा. चाळीस हजार घरांनी ज्या मंत्रालयाची झोप मोडली नव्हती, ते या पत्राने खडबडून जागं झालं. परदेशी जाणार असलेल्या पोटांसाठी वेगळी, एका अंशाच्या आतली बिस्किटं तयार करावीत, असा निर्णय त्याच दिवशी झाला.

कारखान्याला बोलावणं गेलं. मालक आता काचकूच करणार, सवलती मागणार, म्हणून अधिकारी तयारीतच बसले होते.

“देतो की,” मालक म्हणाले. “न फवारलेला गहू घ्यायचा. बाकी काही नाही. खर्चही फारसा वाढत नाही.”

“मग आजवर का नाही दिलीत?”

“कुणी मागितलीच नव्हती.”

हे वाक्य इतिवृत्तात जसंच्या तसं घेतलं आहे. त्यावर चर्चा झाल्याची नोंद नाही.

अशा रीतीने पांढऱ्या झाकणाचा डबा जन्माला आला. पासपोर्ट आणि व्हिसा दाखवून आठवड्याला एक. निरीक्षक स्वतः रांगेत उभे राहून तो आणत. लेकीच्या अंगी तो लागला, गालांवर रंग आला, न्हाणीघर शांत झालं. दोन महिन्यांनी ती विमानाने गेली, आणि यथावकाश तिकडून फोटो आला. बाळ गुटगुटीत होतं आणि कपाळावर आजोबांसारखीच आठी होती. निरीक्षक फोटो घेऊन खिडकीशी गेले आणि बराच वेळ डोळे पुसत उभे राहिले. एवढा आनंद त्यांना कधी झाला नव्हता.

रविवारी ते स्टुलावर चढून कपाटावरची धूळ पुसायला गेले. कपाटावर धूळच होती.

“इथले डबे कुठे गेले?”

“ते होय? ते मी कधीच वरच्या शिवणवाल्या मावशींना दिले,” बायको म्हणाली. “त्यांच्या सुनेला दिवस गेलेत ना. तिच्याही पोटात काही ठरत नव्हतं.”

“सगळे दिलेस?”

“सगळे. पडूनच होते की. मर्यादेतही आहेत.” मग तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, “आणि तिचं बाळ तर इथलंच आहे.”

निरीक्षक पायात चप्पल न घालता जिना चढले. काय बोलायचं ते त्यांनी पायऱ्यांवर ठरवलं होतं. दार सुनेनेच उघडलं. आत शिवणयंत्र, जमिनीवर कापडाच्या चिंध्या, आणि खिडकीत वाळत घातलेली इवलीशी झबली.

“या ना, काका,” ती म्हणाली. “डब्यावर तुमची सही बघितली. म्हटलं, चला, आता बिनघोर खायचं.”

ठरवलेलं सगळं बाजूला ठेवून निरीक्षक आत जाऊन बसले. बोलायचं तर आपली सही खोटी म्हणायची, चाळीस हजार घरांत जाऊन म्हणायची, आणि निवृत्ती तोंडावर आलेली. शिवाय अधिकाऱ्याने पुराव्याशिवाय तोंड उघडणं म्हणजे व्यापारात अडथळा. मावशींनी चहा आणला, सोबत बशीभर बिस्किटं. निरीक्षकांनी एक उचललं. मग दुसरं. तेवढीच तिच्या वाटणीची कमी होतील, असा हिशेब त्यांच्या मनात आला असावा. ते खात सुटले. बशी रिकामी झाली तेव्हा त्यांच्या कपाळाला घाम आला होता. लेक गेल्यापासून माणूस पार उपाशी राहतोय, असं वाटून मावशींना गलबलून आलं.

“सावकाश खा, काका,” सून म्हणाली, आणि तिने आतून दुसरा डबा आणून उघडला. “भरपूर आहेत. संपले तरी कोपऱ्यावर मिळतात.”

वाचक एव्हाना निरीक्षकांवर चांगलेच संतापले असतील. ते रास्तच आहे. खात्याला नागरिकांच्या भावनांची कदर असल्याने या प्रकरणी आलेली प्रत्येक चौकशी नोंदवून ठेवण्यात येते. व्हिसा नसताना, ओळखीतून, चार पैसे जास्त देऊन पांढऱ्या झाकणाचा डबा कुठे मिळेल, अशी विचारणा करणारे आजवर बारा हजार चारशे जण येऊन गेले. आपणही त्याचसाठी येणार असाल तर खिडकी क्रमांक तीन. सकाळी लवकर या, रांग पार फाटकाबाहेर जाते. सगळ्याच डब्यांना पांढरं झाकण का लावत नाही, हे विचारायला शेजारी चार नंबरची खिडकी आहे. तीही दहालाच उघडते. तिथे रांग नसते.